वग आणि टॅस

इंग्रजी अनेकवचनाचा नियम विचारला तर आपण बहुतेक जण ‘शेवटी एस लावायचा’ असं सांगू. कागदापुरतं ते बरोबर आहे. कानाला मात्र तिथे तीन वेगळे आवाज येतात. ‘कॅट्स’च्या शेवटी ‘स’ आहे, ‘डॉग्झ’च्या शेवटी झाडातला ‘झ’ आहे आणि ‘ग्लॅसिझ’मध्ये तर ‘इझ’ अशी आणखी एक मात्रा वाढली आहे. वर्णमाला पाठ असलेल्या मराठी माणसाला यातली व्यवस्था लगेच दिसेल. वर्गातल्या पहिल्या दोन व्यंजनांसारख्या अघोष ध्वनीनंतर स येतो, घोष व्यंजनं आणि स्वर यांच्यानंतर झ येतो, आणि शब्द मुळातच स, झ, श, च, ज अशा ध्वनीने संपत असेल तर मध्ये एक स्वर घालावा लागतो. इंग्रजी बोलणारे आईबाप हे मुलांना शिकवत नाहीत. बहुतेकांना आपण असं काही करतो याची जाणीवही नसते. तरी शाळेत जायच्या आधीच मुलाच्या तोंडी ‘कॅट्स’ आणि ‘डॉग्झ’ बरोबर येतं.

हे कसं घडतं, याचं एक उत्तर जर्मन भाषावैज्ञानिक हेरमान पाउल याने 1880 मध्येच देऊन ठेवलं होतं. माणूस ऐकलेली रूपं नुसती साठवत नाही, साठवलेल्या रूपांच्या साम्यावरून नवी घडवतो, असं त्याचं म्हणणं. ते विसाव्या शतकाच्या मध्यावर अमेरिकेत मागे पडलं. तिथे वर्तनवादाचा जोर होता. 1957 मध्ये बी. एफ. स्किनरने भाषेवरचं आपलं मोठं पुस्तक प्रसिद्ध केलं. त्यात बोलणं ही इतर सवयींसारखीच, प्रतिसाद मिळत गेल्याने पक्की होणारी सवय मानली होती. नोम चॉम्स्कीने 1959 मध्ये त्यावर लिहिलेलं कठोर परीक्षण सगळ्यांना आठवतं. मला त्याच्या आदल्या वर्षी ‘वर्ड’ या नियतकालिकात आलेला एक निबंध जास्त मोलाचा वाटतो, कारण त्यात कोणाशी भांडण नाही, मुलांना विचारलेले साधे प्रश्न आहेत.

जीन बर्को तेव्हा हार्वर्डमध्ये रॉजर ब्राउन यांच्या मार्गदर्शनाखाली संशोधन करत होत्या. मूल ‘डॉग्झ’ म्हणालं, तर ते त्याने ऐकून पाठ केलं असेल ही शंका उरतेच. म्हणून बर्कोंनी कोणीच कधी न ऐकलेले शब्द तयार केले आणि त्यांच्यासाठी स्वतःच रंगीत चित्रं काढली. एका चित्रात पाखरासारखा एक प्राणी. हा वग. मग तसेच दोन प्राणी. आता हे दोन आहेत, हे दोन काय? वाक्य तिथेच सोडून द्यायचं. चार ते सात वर्षांच्या मुलांपैकी 91 टक्के मुलांनी ते ‘वग्झ’ असं पुरं केलं. तेही ‘झ’ लावून, कारण ग घोष आहे. सवयीच्या सिद्धांताला याचं उत्तर देता येत नाही. जो शब्द आजवर कोणी उच्चारलाच नाही, त्याबद्दल मुलाला शाबासकी कधी मिळाली असणार?

वग पुढे प्रसिद्ध झाला, पाठ्यपुस्तकांत गेला. त्याच निबंधातला ‘टॅस’ मात्र फारसा कोणाच्या लक्षात राहिला नाही. मला तो वगपेक्षा महत्त्वाचा वाटतो. ‘ग्लॅस’चं अनेकवचन ‘ग्लॅसिझ’ हे 91 टक्के मुलांना आलं. ‘टॅस’चं ‘टॅसिझ’ मात्र फक्त 36 टक्के मुलांना जमलं. बाकीची बहुतेक मुलं ‘दोन टॅस’ म्हणून मोकळी झाली.

हा आकडा दोन्ही बाजूंना अडचणीचा आहे. मुलाच्या मनात मोठ्यांचा नियम जसाच्या तसा असता, तर वगला झ लावणाऱ्याने टॅसला इझ लावायला हवा होता. आणि सगळं साम्यावरच चालत असतं, तर टॅसला ग्लॅसपेक्षा जवळचा शब्द कुठून आणायचा? यमक नेमकं जुळतं, आणि ग्लॅसचं अनेकवचन मुलाला येतं. तरी तो पूल त्याने ओलांडला नाही. मला पटणारा खुलासा असा की या वयाचं मूल ‘काही जोडायचं’ असा नियम पाळत नसून, ‘अनेकपणाचा शब्द असा संपतो’ अशी कानाची अपेक्षा पाळत असतं. टॅसच्या शेवटी स आधीच आहे, म्हणजे काम झालं. लहान मुलं ‘फीट’ला पुन्हा स लावून ‘फीट्स’ म्हणतात, तेही यात बसतं. फीट अर्थाने अनेकवचनी आहे, पण ऐकायला तसं वाटत नाही.

अशा चुका आईबाप सुधारतात का, तेही तपासलं गेलं. ब्राउन आणि हॅन्लन यांना 1970 मध्ये आढळलं की मूल जे सांगतं ते खरं आहे का, याकडे आईबापांचं लक्ष असतं, व्याकरणाकडे जवळपास नसतंच.

म्हणजे मूल हे दुरुस्तीतून शिकत नाही. मग त्याच्या मनात नियम असतो की नुसती साठवलेली रूपं? 1985 मध्ये पीटर गॉर्डनने तीन ते पाच वर्षांच्या मुलांना विचारलं, पुष्कळ उंदीर खाणाऱ्याला काय म्हणाल? मुलांनी ‘रॅट-ईटर’ म्हटलं, ‘रॅट्स-ईटर’ जवळपास कोणीच म्हटलं नाही. ‘माइस’ हे अनियमित रूप मात्र समासात बिनदिक्कत आलं. नियमाने घडलेलं रूप वेगळं आणि लक्षात ठेवलेलं वेगळं, असा अर्थ त्यातून काढला गेला. त्यावर वाद झाले, पण वाद घालण्याजोगं काही हाती आलं होतं. पुढच्याच वर्षी रुमेलहार्ट आणि मॅक्लेलंड यांनी एक संगणकी जाळं दाखवलं. त्यात नियम कुठेच लिहिलेला नव्हता, केवळ उदाहरणांवरून ते इंग्रजी भूतकाळ शिकलं आणि लहान मुलांसारख्या चुकाही करू लागलं. पाउलचं साम्य शंभर वर्षांनी असं आकड्यांच्या रूपात परत आलं. 1988 मध्ये पिंकर आणि प्रिन्स यांनी त्यातल्या त्रुटी एकेक करून मांडल्या. अनियमित रूपं स्मृतीत आणि नियमित रूपं नियमाने, असं दुहेरी चित्र पिंकरने पुढे उभं केलं.

या वादाचा निकाल इंग्रजीत लागणं मला कठीण वाटतं. तिथे अनेकवचनाचा राजमार्ग एकच, आणि तो इतका रुंद की मूल नियमाने चाललं की गर्दीबरोबर चाललं, हे बाहेरून सारखंच दिसतं. मराठीत आधी लिंग ठरवावं लागतं. ‘हा वग’ म्हटलं तर दोन वगच, कारण दगड आणि दोन दगड. अनेकपणा कळायला ‘पडला’ आणि ‘पडले’ ऐकावं लागतं. ‘हे वग’ म्हटलं तर वगं, पानं-घरं यांच्या चालीवर. खरी कसोटी ‘ही वग’ची. भिंतीचं अनेकवचन भिंती, पण विटेचं विटा. पाली आणि वेली, पण चिंचा आणि खुणा. इथे मोठ्यांजवळही एक सरसकट नियम नाही. अशा वेळी मुलाला दोन खोटे शब्द द्यावेत, भिंतीशी यमक जुळणारी एक ‘टिंत’ आणि विटेशी जुळणारी एक ‘घीट’. मुलांनी टिंती आणि घिटा म्हटलं, तर साम्य काम करतंय. दोन्हींना एकच प्रत्यय लावला, तर मोठ्यांच्या भाषेत नसलेला नियम मुलांनी स्वतःच तयार केला आहे. आणि त्यांनी टॅससारखाच तो शब्द न बदलता परत दिला, तर हा सगळा विचार पुन्हा कानापासून सुरू करावा लागेल.