कारण खरं, पण उशिरा सुचलेलं

स्ट्रूपचा प्रयोग मानसशास्त्राच्या बहुतेक विद्यार्थ्यांच्या वाट्याला येतो. साहित्य म्हणजे दोन तक्ते आणि एक स्टॉपवॉच. एका तक्त्यावर रंगांचे नुसते चौकोन. दुसऱ्यावर रंगांची नावं, पण भलत्याच शाईत छापलेली: ‘हिरवा’ लाल शाईत, ‘निळा’ पिवळ्या शाईत. शब्द वाचायचा नाही, शाईचा रंग सांगायचा. जॉन रिडली स्ट्रूपने १९३५ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात शंभर चौकोनांचे रंग सांगायला विद्यार्थ्यांना सरासरी ६३.३ सेकंद लागले होते, आणि शंभर शब्दांच्या शाईचे रंग सांगायला ११०.३ सेकंद. वाचन इतकं अंगवळणी पडलेलं असतं, की नको म्हटलं तरी डोळे शब्द वाचतातच.

टी.वाय.बी.ए.च्या एका मुलीने देवनागरी शब्द घेऊन काही प्रयुक्तांवर, म्हणजे प्रयोगाला बसलेल्या माणसांवर, हा प्रयोग केला. तिची आत्या मानसशास्त्र शिकवून निवृत्त झालेली. जर्नल द्यायची तारीख तोंडावर आली असताना दोघींचं हे बोलणं झालं.

भाची: आत्या, एक प्रयुक्त काढून टाकली तर चालेल का गं?

आत्या: का काढायची?

भाची: बाकी सगळ्यांना शब्दांच्या तक्त्याला चांगलाच जास्त वेळ लागला. हिला दोन्हीकडे जवळपास सारखाच. होस्टेलची मैत्रीण आहे माझी. नंतर विचारलं तर म्हणाली, शाळा चेन्नईत झाली, देवनागरी ती एकेक अक्षर लावत वाचते. वाचन आपोआप होतच नाही, तर अडथळा येणार कुठून?

आत्या: कारण पटण्यासारखं आहे. बाकीच्यांना विचारलंस, शाळा कुठे झाली, माध्यम कोणतं?

भाची: नाही. त्यांचे आकडे बरोबर आले होते.

आत्या: बरोबर म्हणजे?

भाची: म्हणजे... स्ट्रूपसारखे.

आत्या: समज, हिचाच फरक सगळ्यांत मोठा आला असता. तेव्हाही तिची देवनागरी अशीच कच्ची. विचारलं असतंस तिला शाळेबद्दल?

भाची: नसतं विचारलं. उलट खूश झाले असते. पण आत्या, एक सांग. ‘देवनागरी सफाईने न वाचणाऱ्यांना घेणार नाही’ असं मी प्रयोगाआधी वहीत लिहून ठेवलं असतं, तर हीच मुलगी, हेच आकडे, हेच वगळणं, सगळं रीतसर ठरलं असतं. मग फरक फक्त तारखेचाच ना? तिला अडखळत वाचावं लागतं हे प्रयोगाआधी खरं होतं, आजही खरंच आहे.

हा प्रश्न धिटाईचा आहे, आणि ‘नियम म्हणजे नियम’ एवढ्यावर तो संपत नाही. आत्यानेही उत्तर द्यायला वेळ घेतला.

आत्या: कारण खोटं ठरत नाही. पण आधी लिहिलेला नियम सगळ्यांना लागतो, तुला आवडलेल्या आकड्यांनाही. नंतर सुचलेला नियम ज्याने निराशा केली त्याच्याचकडे जातो. आणि शोधायला गेलं की कारण सापडतंच. कोणी रात्रभर जागलेलं असतं, कोणाचा चष्मा खोलीवर राहिलेला असतो. जुळलेल्या आकड्यांमागेही अशीच माणसं असतात, त्यांची चौकशी कोणी करत नाही.

भाची: म्हणजे मी फसवतेय?

आत्या: फसवणारा आकडे बनवतो. तू बनवलेले नाहीस, म्हणून तर हे ओळखणं अवघड. २०११ साली सिमन्स, नेल्सन आणि सिमॉनसोन यांनी हे मुद्दाम करून दाखवलं. विद्यार्थ्यांना बीटल्सचं एक गाणं ऐकवलं. माणसं किती घ्यायची, कोणती मापं अहवालात द्यायची, हे आकडे बघत बघत ठरवलं. शेवटी संख्याशास्त्राच्या कसोटीवर उतरलं काय, तर गाणं ऐकल्याने माणसाचं वय सुमारे दीड वर्षाने कमी होतं! आकडे सगळे खरे होते.

भाची: बरं, ठेवली तिला. मग सरासरी बिघडते. मला सांगायचंय वाचनाच्या सवयीबद्दल, आणि जिला ती सवयच नाही तीही त्यात मोजली जाणार. हेही दिशाभूल करणारंच की.

आत्या: ते मला खोडता येत नाही. म्हणून दोन्ही लिही. मुख्य कोष्टकात तिला धरून. खाली तिला वगळून येणारी सरासरी, आणि सोबत स्पष्ट वाक्य, की वगळण्याचं कारण आकडे पाहिल्यावर सुचलं. माध्यमाचा मुद्दा चर्चेत घे. तिथे ते नवं गृहीतक आहे, पुढे कोणीतरी नव्या माणसांवर तपासायचं. ज्या आकड्यांतून ते सुचलं, त्याच आकड्यांनी ते सिद्ध होत नाही.

भाची: आणि बाहेरून आलेले परीक्षक? आमच्या बॅचमध्ये काहींनी प्रयुक्त न बसवताच आकडे लिहिलेत. त्यांचे आलेख सुंदर आहेत. मार्क त्यांनाच पडतील.

आत्या: पडतील कदाचित. तसं होणार नाही असं सांगून मी तुला धीर देणार नाही.

इथे मला दोष मुलांपेक्षा आपल्या तपासण्याच्या पद्धतीचा वाटतो. जर्नलमधला निकाल पुस्तकाशी जुळला की सही मिळते, आणि न जुळलेल्या निकालाबद्दल मुलाने काय विचार केला हे पुष्कळदा कोणी वाचतही नाही. विशीतल्या मुलांना आपण प्रयोगाच्या नावाखाली जुळवाजुळव शिकवतो, आणि याचं वाईट वाटायला हवं.

आत्या: अजून एक. प्रयुक्तांची संख्या तू एकाने कमी लिहिणार, म्हणजे ती मुलगी आलीच नव्हती असं वाचणाऱ्याला वाटणार. ती संमतीच्या कागदावर सही करून बसली होती ना?

भाची: हो. उठताना विचारत होती, माझं काही चुकलं का म्हणून.

आत्या: काय सांगितलंस?

भाची: काहीच नाही. मी स्टॉपवॉचचे आकडे उतरवत होते.

आत्या: मग प्रयोग कशाचा होता ते तिला आजच सांग. ते राहिलंय तोवर प्रयोग संपलेला नाही.

भाची: सांगते. आणि बाकीच्यांना आता माध्यम विचारलं तर? चर्चेत लिहायला.

आत्या: विचार. पण सगळ्यांना. आणि निकालानंतर विचारलं, हेही लिही.

भाची: एखादा तिच्यासारखाच अडखळत वाचणारा निघाला, आणि त्याचे आकडे स्ट्रूपसारखे असले तर?

आत्या: तर तुझं कारण लंगडं पडेल, आणि तेही लिहावं लागेल.

भाची: एकाबद्दल शंका आहे मला. त्यालाच आधी फोन करते.

आत्या: नको. यादीतल्या क्रमाने कर.