पीळ

सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, असा टोमणा आपण हट्टी माणसाला मारतो. केसांच्या बाबतीत हा टोमणा नव्हे. ते तब्येतीचं लक्षण आहे.

लग्नघर, सकाळचे सात. आरशासमोर भाची, हातात स्ट्रेटनर, केस अजून ओलसर. पट्ट्या मिटल्या आणि चर्र झालं. "वाफ आहे गं मावशी, काही होत नाही." पाण्याचा थेंब कढत तेलात तडतडतो, तसाच केसाच्या आतही. वाफेला बाहेर पडायला वाट नसते. ती केस आतून फुगवते, पोकळ करते. पुढे केस तिथेच तुटतो.

कपड्यांची सवय इथे नडते. कपड्यावर पाणी शिंपडून इस्त्री करायची. केस मात्र पुरता वाळल्यावरच.

पैठणीला इस्त्री करताना वर सुती कापड ठेवतात. हीट प्रोटेक्टंट म्हणजे तेच कापड. आच सावकाश आणि सारखी पोचवतं, अडवत नाही. कापड आहे म्हणून कुणी इस्त्री तिथेच ठेवून फोन घ्यायला जात नाही.

कपड्यांच्या इस्त्रीवर 'रेशीम', 'सुती' लिहिलेलं असतं. स्ट्रेटनरवर नुसते आकडे : 150, 180, 230. पोत ओळखायचं काम आपलं. बारीक किंवा रंगवलेला केस रेशीम समजावा, 150च्या आसपास थांबावं. जाड केसालाही बहुधा 180 पुरतात. आणि घाईघाईने पाचदा फिरवण्यापेक्षा पातळ बट घेऊन एकदाच, न थांबता.

केस महिन्याला साधारण सेंटीमीटरभर वाढतो. कमरेला टेकणारं टोक पाच-सहा वर्षांपूर्वी डोक्यातून निघालेलं असतं. मधल्या सगळ्या लग्नांची आच त्याने सोसलेली. तरी ते वाकडं दिसतं म्हणून आपण पट्ट्या नेमक्या तिथेच दाबून धरतो. घरातल्या सगळ्यात थकलेल्या माणसाच्या हाती सगळ्यात जड पिशवी.

केस निर्जीव. म्हणून भाजताना दुखत नाही, आणि म्हणूनच भाजलेलं भरून येत नाही.

योग्य आचेने केसातले हायड्रोजन बंध तेवढे सुटतात आणि थंड होताना सरळ आकारात जुळतात. ओल लागली की पुन्हा मूळपदावर. मुंबईच्या दमट हवेत सकाळी सरळ केलेले केस रिसेप्शनपर्यंत कुरळे होतात, तेव्हा भाची हिरमुसते. मला हायसं वाटतं. आच अती झाली की केराटिनच बिघडतं. मग कितीही पाणी घाला.

न्हाल्यावर एक बट बोटावर घेऊन पाहा. पीळ परत आला असेल, तर आकडा बरोबर होता. आला नसेल, तर त्यावर तेल नाही, औषध नाही. कात्री आहे.