इथं आधी काय होतं?

पायरीवर बसा. खड्ड्याजवळ नको, घराच्या पायरीवरच. जालन्याकडचा आषाढ आहे, रात्रभर पाऊस झाला आहे आणि परसात, मोसंबीच्या आळ्यापलीकडे, काल सपाट असलेली जमीन परातीएवढी खाली बसली आहे. उठून डोकावावंसं वाटेल. वाटू द्या, आणि बसून राहा.

श्वास त्याच्या लयीत चालू द्या. दिसतं ते फक्त तोंड आहे; आतलं पोट किती रुंद आहे, काठाची माती कशावर टेकली आहे, हे वरून कळत नाही. म्हणून लेकरांना घरात बोलवा. दहा-बारा पावलं सोडून चहूकडून दोर बांधा. ठिबक बंद करा, पन्हाळीचं पाणी दुसरीकडे वळवा. घराच्या भिंतीला नवी चीर दिसली किंवा दार चौकटीत अडकू लागलं, तर मनन राहू द्या. सगळ्यांना बाहेर काढा आणि ११२ला फोन लावा. तसं काही नसेल तर परत पायरीवर या.

आता नजर जमिनीच्या आत जाऊ द्या. वर काळी माती, तिच्याखाली मुरूम, मुरमाखाली कातळ. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर साचलेल्या लाव्हाचा हा दगड. यवतमाळ-चंद्रपूरकडे चुनखडक सापडतो, आणि चुनखडक पाण्यात हळूहळू विरघळून त्यात पोकळ्या होऊ शकतात. जालन्याचा कातळ तसा विरघळत नाही. मग इथली जमीन बसली असेल तर बहुधा पाण्यानं माती वाहून नेली, नाहीतर माणसानं कधीतरी इथं खणलं होतं.

पाण्याचं आधी पाहू. काळी माती भिजली की फुगते, वाळली की आकसते. मे महिन्यात तिला हात जाईल अशा भेगा पडतात. मृगाचं पाणी त्या भेगांत उतरतं, आणि खाली फुटका पाइप, कुजलेलं मूळ किंवा घुशीचं बीळ भेटलं की मातीचे कण घेऊन तिकडे निघतं. वरचा थर जागच्या जागी दिसतो. खाली पोकळी वाढत असते.

माणसानं खणलेल्या जागेपाशी मात्र थोडं जास्त थांबा. जुन्या गावठाणात, पांढरीच्या मातीत, ज्वारीची पेवं असत. तोंड अरुंद, पोट रुंद, आत कडब्याचं अस्तर, वरून मातीनं लिंपून बंद केलेलं. पाऊस दगा देईल त्या वर्षासाठी कुणीतरी ते खणलं होतं. त्या माणसाला क्षणभर डोळ्यांपुढे आणा: कंबरेइतक्या, मग डोक्याइतक्या खोलीवर, वर पाटी देणारी बाई, काठावर मातीचा ढीग. पुढं पत्र्याच्या कोठ्या आल्या. पेव रिकामं झालं, तोंडावर फळ्या पडल्या, फळ्यांवर माती. आडांचंही असंच झालं. नळ आला आणि आड झाकला गेला. जुन्या शोषखड्ड्यांवर तर आपण अंगण सारवतो, तुळस लावतो.

शहरांतही हेच. १३ जून २०२१ रोजी मुंबईत घाटकोपरच्या एका सोसायटीत उभी असलेली मोटार पावसात बघता बघता जमिनीत गेली. खाली विहीर होती. तिच्या काही भागावर काँक्रीट टाकून वर गाड्या लावत होते. कुणाला इजा झाली नाही. त्या विहिरीवर झाकण पडलं होतं, पण ती भरलेली नव्हती. मला यातली हीच गोष्ट अस्वस्थ करते.

म्हणून आज मुरमाची ट्रॉली मागवू नका. आधी घरातल्या म्हाताऱ्या माणसापाशी जाऊन बसा. “आज्जी, इथं आधी काय होतं?” एवढंच विचारा आणि मधे बोलू नका. पेवाची, आडाची, मोडक्या न्हाणीची आठवण यायला वेळ लागतो. शेजारच्या काकांनाही विचारा.

आत मात्र कुणीही उतरायचं नाही. बंद पेवात, शोषखड्ड्यात श्वास कोंडणारी हवा साठते; पहिला खाली गेलेला बेशुद्ध पडतो, आणि त्याला काढायला गेलेला दुसराही. दोराबाहेरून रोज पाहा: तोंड रुंदावतं आहे का, नव्या भेगा पडताहेत का. ग्रामपंचायतीला किंवा महापालिकेला कळवा, जाणता अभियंता बोलवा. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयातल्या भूवैज्ञानिकांनाही विचारता येईल.

कारण सापडलं, गळती थांबली, की मग भरणं. कसं भरायचं ते अभियंता जागा पाहून ठरवील. साधारणपणे तळाशी मोठे दगड, त्यावर लहान, मग खडी, मग मुरूम, थोडा थोडा टाकून धुमसानं ठोकलेला. घरातला कचरा आणि पालापाचोळा त्यात घालू नका, तो कुजतो आणि जमीन पुन्हा बसते. वर माती किंचित उंच ठेवा, पाणी साचायला नको. पुढचा एक पावसाळा तिथं झाड लावू नका, टाकी ठेवू नका.

आणि वही काढा. घराच्या कागदांत एक नकाशा ठेवा: भिंतीपासून इतकी पावलं, इथं पेव होतं, अमक्या साली भरलं. तारीख घाला. उद्या हे घर ज्याच्या हाती जाईल, त्याला तो कागद किल्ल्यांबरोबर द्या.