परवाना कुणाच्या हातात?

2025च्या जुलैमध्ये मायक्रोसॉफ्टने नायरा एनर्जी या वाडीनारच्या तेलशुद्धीकरण कंपनीच्या ईमेल आणि इतर सेवा एकाएकी थांबवल्या. कारण युरोपीय संघाच्या निर्बंधांचे होते. कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली आणि काही दिवसांत सेवा पूर्ववत झाल्या. पण धसका बसायचा तो बसला. सप्टेंबरात स्वदेशी सॉफ्टवेअरची लाट आली. केंद्रीय मंत्र्यांनी आपण झोहो या भारतीय कंपनीच्या सॉफ्टवेअरवर काम करू लागल्याचे जाहीर केले, सरकारी ईमेल तिकडे वळले, अरट्टई हे संदेशांचे ॲप घरोघरच्या फोनवर उतरले. 'डिजिटल स्वराज्य' हा शब्द अग्रलेखांतून सर्रास दिसू लागला. स्वराज्य कशात असते, हे विचारण्याची गरज मात्र फारशी कुणाला वाटली नाही. कंपनी आपली की परकी, एवढ्यावर चर्चा सुरू झाली आणि तिथेच संपली.

मला ही चर्चा उथळ वाटते, आणि ती चंद्रपूर-गडचिरोलीत बसून ऐकताना तर फारच. स्वराज्य कशात असते, या प्रश्नाचे उत्तर आमच्या भागाने एकदा मोठी किंमत मोजून शोधलेले आहे.

धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गोंड गावाची गोष्ट बहुतेक वाचकांना ठाऊक असेल. 'आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा, देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांची नावे, सर्वसहमतीने निर्णय घेणारी ग्रामसभा, हे सारे अनेकदा लिहून झाले आहे. मला त्यातला एकच धागा हवा आहे. मेंढ्याच्या जंगलातला बांबू वर्षानुवर्षे कागद कारखान्याला पट्ट्याने दिला जात होता. बल्लारपूरचा कारखाना काही मँचेस्टरचा नव्हता. तो याच मुलखातला, भारतीय मालकीचा, भारतीय मुलांच्या वह्यांसाठी कागद बनवणारा. स्वदेशीच्या कुठल्याही कसोटीला तो उतरला असता. तरीही आपल्या रानातला बांबू गावकऱ्याने परवानगीवाचून तोडून विकायला नेला, तर गुन्हा त्याच्यावर दाखल होणार. मालक देशी असल्याने गावकऱ्याच्या पदरात काय पडले?

स्वदेशीवाल्यांचे म्हणणे मी हलके लेखत नाही. पैसा देशात राहतो, हे खरे. तेनकासीसारख्या ग्रामीण भागात सॉफ्टवेअरचे काम नेणाऱ्या झोहोच्या श्रीधर वेम्बू यांच्याबद्दल मला आदर आहे. ब्रसेल्समध्ये काढलेल्या एका आदेशाने भारतातली कार्यालये बंद पडू नयेत, ही अपेक्षाही रास्तच आहे. पण हे सगळे मान्य केल्यावर उरते काय? नायराच्या प्रकरणातून स्वदेशीवाले जो धडा घेतात, तो सेवा बंद करण्याचे बटण परक्याच्या हातात होते एवढाच. बटण मुळात होते, आणि ज्यांची कामे त्यावर अवलंबून होती त्यांच्यापैकी कुणाचाही हात त्यापर्यंत पोहोचत नव्हता, हे ते पाहत नाहीत. बटण रेडमंडहून चेन्नईला आणले तरी ते बटणच राहते. हाइक हे भारतीय ॲप होते. जानेवारी 2021मध्ये ते बंद झाले. कू तर स्वदेशीचा झेंडा घेऊनच उतरले होते, त्यात मराठीही होती. जुलै 2024मध्ये तेही गेले. त्यांवर लिहिणाऱ्या हजारो लोकांना कुणी विचारले नव्हते. विचारण्याची व्यवस्थाच नव्हती. दुष्ट हेतू कुणाचाच नव्हता, धंदा जमला नव्हता. मालकाचा धंदा आटोपला की आपलेही लिहिलेले संपते, ही रचना कोणत्याही राष्ट्रीयत्वाने बदलत नाही. माहिती भारताच्या हद्दीतल्या सर्व्हरवर ठेवली म्हणजे झाले, असेही सांगितले जाते. मेंढ्याचा बांबू भारताच्या हद्दीतच होता.

'सामान्य माणसाला ही कटकट कशाला, तज्ज्ञांना करू द्या,' असे म्हणणारे आहेतच. वनखात्यानेही हेच म्हटले होते. 

मी हे लिहितो ते केवळ पुस्तके वाचून नाही. चंद्रपूरच्या तुकूम भागात माझ्या घरी एक छोटा जुना संगणक अहोरात्र चालू असतो. त्यावर डेबियन ही मुक्त प्रणाली आहे. कुटुंबाचे फोटो इमिच या ओपन सोर्स साधनात आहेत, कागदपत्रे नेक्स्टक्लाउडमध्ये, आणि नेट नसताना मुलांना चाळता यावा म्हणून किविक्सवर मराठी विकिपीडिया. असे घरचे सर्व्हर चालवणाऱ्यांची जमात जगभर आहे, मी तिच्यातला एक. नोकरी वेगळी आहे, हा छंद. पण या छंदाने मला एक गोष्ट रोज शिकवली: वापरणे आणि कारभार पाहणे ही दोन निरनिराळी कामे आहेत, आणि अधिकार दुसऱ्यातून येतो.

मे महिन्याचे उदाहरण घ्या. चंद्रपूरचा पारा सत्तेचाळीसच्या वर जातो तेव्हा बंद खोलीतल्या डिस्कचे तापमान साठीकडे सरकते. इमिचचे चेहरे ओळखण्याचे काम संगणकाला घाम फोडणारे. ते भर दुपारी चालले तर डिस्कचे आयुष्य घटते. म्हणून वैशाखात ही जड कामे आणि बॅकअप मी मध्यरात्रीनंतर लावतो, दुपारी यंत्र जवळपास निजलेले असते. निर्णय क्षुल्लक आहे. पण चंद्रपूरचे ऊन पाहून चंद्रपुरात घेतलेला आहे.

दुसरे उदाहरण मला याहून मोलाचे वाटते. इमिच फोटोतल्या अक्षांश-रेखांशावरून गावाचे नाव लावते, आणि त्यासाठी जिओनेम्सची यादी वापरते. तिच्यातून इमिचकडे येतो तो साधारण पाचशेहून जास्त वस्तीच्या गावांचा भाग. गडचिरोलीच्या टोल्यांना आणि पाड्यांना त्यात जागा कुठली? भामरागडच्या आत काढलेल्या फोटोवर भलत्याच, दूरच्या गावाचे नाव येते. मोठ्या कंपनीच्या सेवेत असे झाले असते तर तक्रारीचा रकाना भरून वाट पाहायची. इथे ती यादी साध्या मजकुराची फाइल आहे. नाव, अक्षांश, रेखांश, जिल्हा. तिच्यात मी ओळ जोडली आणि आमच्या फोटोंना त्या पाड्याचे नाव मिळाले. असे एक पाऊल टाकायला कुणाची परवानगी लागली नाही.

आता अडचणीची बाजू. घरातला संगणक माझा, डिस्क माझी, प्रणाली मुक्त. तरी बाहेरगावी असताना मला त्याच्यापर्यंत पोहोचता येत नव्हते. राउटरमध्ये पाहिले तर इंटरनेटकडच्या बाजूला दिसणारा पत्ता 100.64ने सुरू होणारा. म्हणजे सेवा देणाऱ्याने अनेक ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्याआड ठेवलेले. आयपीव्ही4चे पत्ते अपुरे पडल्याने 2012मध्ये हा पत्त्यांचा पट्टा त्यासाठी राखून ठेवला गेला. तुम्ही बाहेर जाऊ शकता, बाहेरून कुणी तुमच्याकडे येऊ शकत नाही. मला शेवटी दूरच्या डेटा सेंटरमध्ये एक लहानसा सर्व्हर भाड्याने घेऊन वायरगार्ड या व्हीपीएनचा बोगदा त्याच्यापर्यंत न्यावा लागला. घरचे म्हणवणारे सगळे आज त्या भाड्याच्या दारातून जाते.

इथे मला पुन्हा मेंढा आठवते, आणि हे साम्य ओढूनताणून आणलेले नाही. वनहक्क कायदा 2006चा, अंमल 2008पासून. 2009मध्ये मेंढ्याला सुमारे 1,800 हेक्टर जंगलावरचा सामूहिक हक्क मिळाला. कायद्याने बांबू गौण वनोपज ठरवला होता. तरीही बांबू विकला जाईना, कारण वाहतूक परवाना वनखात्याच्या हातात होता आणि खाते तो देत नव्हते. हक्क ग्रामसभेचा, जंगल ग्रामसभेचे, आणि माल रस्त्यावर आणताच बेकायदा. ही कोंडी एप्रिल 2011पर्यंत चालली. त्या महिन्यात तेव्हाचे केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण गावात आले आणि परवान्याचे पुस्तकच ग्रामसभेच्या हाती दिले. परवाना मिळणे आणि परवान्याचे पुस्तक मिळणे यांत जो फरक आहे, त्याच्याभोवती माझा सगळा विचार फिरतो.

कायद्यातही हा फरक स्पष्ट आहे. कलम 3(1)मध्ये एकीकडे निस्ताराचा हक्क आहे. दुसरीकडे, त्याच कलमाच्या वेगळ्या पोटकलमात, जंगलाचे रक्षण, संवर्धन आणि व्यवस्थापन करण्याचा हक्क आहे. पहिला वापराचा, दुसरा कारभाराचा. निस्तार आमच्याकडे जमीनदारीच्या काळापासून होता. सरपण आणा, मोहफुले वेचा, गुरे चारा. पण कुठला भाग यंदा मोकळा ठेवायचा, कुणाला विकायचे, हे ठरवणारा दुसराच. ओपन सोर्सचा परवाना नुसता हाती असणे हे बरेचसे निस्तारासारखे आहे. वापरा, वाचा, बदला, वाटा. मुक्त सॉफ्टवेअरचे प्रणेते रिचर्ड स्टॉलमन यांनी 1983पासून ज्यासाठी आयुष्य वेचले त्या या स्वातंत्र्यांचे मोल मोठे आहे. एम्बी या मीडिया सर्व्हरने आपला कोड बंद केला तेव्हा लोकांनी आधीचा मुक्त कोड उचलून डिसेंबर 2018मध्ये जेलीफिन उभे केले, ते या परवान्यामुळेच शक्य झाले. पण ते परवान्याने आपोआप केले नाही. कोड सांभाळायला माणसे एकत्र बसली, कामे वाटून घेतली, म्हणून झाले.

म्हणूनच माझ्या जमातीशीही मला भांडायचे आहे. यंत्र आपल्या घरात आले की स्वराज्य आले, अशी आमची पक्की समजूत. तुकूममधल्या त्या संगणकावर आईचे फोटो आहेत, पत्नीचे दस्तऐवज आहेत. त्यांना वापराचा हक्क पूर्ण आहे. पासवर्ड, बॅकअप, कोणती आवृत्ती केव्हा चढवायची, काय पुसायचे, हे सर्व मी ठरवतो. त्यांच्या बाजूने पाहिले तर कंपनी फक्त लहान झाली आणि घरात राहायला आली. उद्या माझे बरेवाईट झाले तर त्यांचे फोटो कू-हाइकच्या वाटेनेच जाणार. बाहेरच्या सत्तेविरुद्ध लढताना आत आपण तीच सत्ता होऊन बसणे, हा धोका काल्पनिक नाही. एकहाती चालणाऱ्या प्रत्येक व्यवस्थेत तो असतो.

मेंढ्याने यावर शोधलेला उपाय तांत्रिक नव्हता. निर्णयाआधी अभ्यासगटात विषय समजून घ्यायचा, मग ग्रामसभेत सर्वांनी मान्य होईपर्यंत बोलायचे. वेळ लागतो. घरच्या सर्व्हरला तेवढा सोपस्कार नको, पण त्यातले थोडे हवेच. आमच्याकडे आता दुसरी डिस्क ब्रह्मपुरीला बहिणीच्या घरी आहे. रात्री इथला बॅकअप तिकडे जातो. मराठीत लिहिलेली एक वही आहे: वीज गेल्यावर काय करायचे, किल्ली कुठे आहे, डिस्क मेली तर फोटो परत कसे आणायचे. बहिणीने ती वही समोर ठेवून, मला फोन न करता, रिकाम्या संगणकावर सगळे फोटो उतरवून पाहिले. वहीतल्या दोन पायऱ्या तिला कळल्या नाहीत. त्या तिनेच पुन्हा लिहिल्या. त्या दिवसापासून कारभार दोघांचा झाला.

हे सगळे मी घरापुरते मांडत नाही. गडचिरोली जिल्ह्यात आज अनेक ग्रामसभांकडे सामूहिक वनहक्क आहेत. त्या बांबू विकतात, तेंदूपत्त्याचे लिलाव करतात, वनव्यवस्थापनाचे आराखडे बनवतात. हद्दीचे जीपीएस बिंदू, आराखड्याचे नकाशे, फळीवर, म्हणजे तेंदूपत्ता जमा करण्याच्या जागी, कुणी किती पुडकी दिली याचे हिशेब, हे सारे हळूहळू संगणकावर जाणार, जायलाही हवे. ते एखाद्या कंपनीच्या ॲपमध्ये, संस्थेच्या लॅपटॉपवर किंवा एखाद्या उत्साही कार्यकर्त्याच्या खात्यात राहिले, तर वनखात्याच्या हातून सुटलेले परवान्याचे पुस्तक दुसऱ्या कुणाच्या खिशात जाईल, आणि तो दुसरा मराठी बोलणारा, सद्हेतूने आलेला, कदाचित माझ्यासारखाच असेल. ग्रामसभेला कुणी असे साधन घेऊन आला, तर ते देशी आहे का, मोफत आहे का, ओपन सोर्स आहे का, हे नंतर विचारावे. आधी गावातल्या दोघांना, आणणाऱ्याच्या गैरहजेरीत, बॅकअपमधून सगळा हिशेब दुसऱ्या संगणकावर उभा करून दाखवायला सांगावे. त्यांना ते जमेपर्यंत फळीवरची वही बंद करू नये.