वर्गात कोणाला बोलवायचे?



पुण्यातील एका शाळेत मी सातवीच्या वर्गाला शिकवितो. मागच्या वर्षी मुलांना सहज विचारले, "मोठेपणी कोण होणार?" कोणी पोलीस म्हणाले, कोणी डॉक्टर. मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, "सर, मी वडिलांच्या जागेवर लागणार." त्याचे वडील महापालिकेत सफाई कामगार आहेत. मुलाच्या आवाजात दुःख नव्हते, अभिमानही नव्हता. जणू त्याने घरचा पत्ता सांगितला.

लाड-पागे समितीच्या शिफारशींनुसार महाराष्ट्रात सफाई कामगाराच्या वारसाला नोकरी मिळू शकते. या तरतुदीने कितीतरी घरांची चूल विझू दिली नाही. तिला नावे ठेवण्याचा अधिकार भरल्या पोटाच्या माणसाला नाही. पण बापाचा झाडू मुलाच्या हाती देणारी रूढी मोडण्यासाठीच आपण १९५६ साली धम्माची वाट धरली ना? मग बारा वर्षांच्या मुलाला दुसरी वाट दिसतच नसेल, तर दोष कोणाचा?

मी ठरविले की, दर शनिवारी वस्तीतील एका माणसाला वर्गात बोलवायचे. त्याने आपले काम मुलांना समजावून सांगायचे. यादी केली : बँकेतील अधिकारी, रुग्णालयातील परिचारिका, वीज कंपनीतील तंत्रज्ञ, एक वकील. यादी फळ्यावर लिहिली, तेव्हा त्याच मुलाने विचारले, "सर, माझ्या वडिलांना बोलावणार का?"

मला उत्तर देता आले नाही. खरे सांगायचे तर मला लाज वाटली. आमच्या घरात पदवी घेणारा मी पहिला. आई लोकांच्या घरी भांडी घासायची, आणि महाविद्यालयात असताना ही गोष्ट मी मित्रांना कधी सांगितली नाही. आज मी फळ्यावर लिहिलेली यादी त्याच लाजेतून आली होती. वरच्यांनी आपल्याला पायऱ्यांवर उभे केले, असे आपण म्हणतो. आणि संधी मिळताच आपल्याच माणसांना पायऱ्यांवर उभे करतो!

पण प्रश्नाला दुसरी बाजूही आहे. सफाईचे काम पवित्र आहे, थोर सेवा आहे, असे गोडवे गाऊन माणसाला त्याच कामाला जखडून ठेवायचे, हा डाव बाबासाहेबांनी ओळखला होता. जातिव्यवस्था ही केवळ श्रमाची विभागणी नसून श्रमिकांची विभागणी आहे, असे त्यांनी १९३६ सालीच मांडले. मी त्या वडिलांना बोलावून त्यांच्या कामाचा गौरव केला, तर मुलाची बेडी मीच सोन्याने मढवणार नाही का?

यावर मी बरेच दिवस विचार केला. भगवान बुद्धांनी उपासकाला पाच व्यापार वर्ज्य सांगितले : शस्त्रांचा, प्राण्यांचा, मांसाचा, मद्याचा आणि विषाचा. कसोटी एकच, उपजीविकेने दुसऱ्याला इजा होते की नाही. या कसोटीवर झाडणाऱ्याची मिळकत निर्मळ ठरते आणि पांढऱ्या कपड्यातील दारूविक्रेत्याची ठरत नाही. म्हणजे माणूस कमी नाही, कामही पाप नाही. अन्याय आहे तो सक्तीत. जन्माने नेमून दिलेले आणि निवडायला दुसरे काही न ठेवलेले काम, हा तो अन्याय.

म्हणून मी त्यांना बोलाविले. ते इस्त्रीचा सदरा घालून आले. पहाटे आरोग्य कोठीत हजेरी कशी लागते, कचऱ्यातील काच हाताला कशी लागते, हातमोजे मिळविण्यासाठी किती अर्ज करावे लागले, हे त्यांनी सांगितले. माणसाला गटारात वा मैला टाकीत विनासंरक्षण उतरविणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे, हेही त्यांना ठाऊक होते. शेवटी मुलाकडे पाहून म्हणाले, "माझी जागा तुझ्यासाठी आहे. पण दुसरी कुठली जागाच नव्हती, म्हणून तू तिथे आलेला मला चालणार नाही." वर्ग स्तब्ध झाला. बँकेच्या साहेबांनी इतके मोलाचे सांगितले नव्हते.

वाट दाखवायला मोठा हुद्दा लागतो, असे नाही. याच पुण्यात बटलरचे काम करणाऱ्या शिवराम जानबा कांबळे यांनी १९०८ साली 'सोमवंशीय मित्र' काढले, आणि १९१० साली लष्कर व पोलीस खात्याची दारे आपल्या तरुणांना उघडावीत म्हणून सरकारकडे अर्ज केला. मुंबईत केळुसकर गुरुजींनी बागेत वाचत बसलेल्या भीमरावाची विचारपूस केली, १९०७ साली मॅट्रिकच्या सत्कारात त्याला आपले बुद्धचरित्र दिले आणि पुढे सयाजीराव महाराजांपर्यंत पोचविले. एका मुलाची विचारपूस करायला गुरुजींचा किती वेळ गेला असेल?

सिगालोवाद सुत्तात गुरूची कर्तव्ये सांगितली आहेत. विद्या नीट शिकवावी, एवढ्यावर ती थांबत नाहीत. शिष्याची मित्रपरिवारात ओळख करून द्यावी आणि सर्व दिशांनी त्याचे रक्षण करावे, हेही त्यात येते. सातवीच्या मुलाला ही ओळख एकटा शिक्षक कशी करून देणार?

म्हणून माझी विनंती. नागपूरला बाबासाहेबांनी आपल्याकडे मिळकतीचा विसावा हिस्सा मागितला. आपण वर्षातून एक तास द्या. जवळच्या शाळेत जा. भाषण नको. दहावीनंतर आयटीआयमध्ये वीजतंत्रीचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा असतो, आठवीत आर्थिक दुर्बल घटकांसाठी शिष्यवृत्ती परीक्षा असते आणि ती उत्तीर्ण होऊन निवड झाल्यास बारावीपर्यंत वर्षाला १२,००० रुपये मिळतात, अशी साधी माहिती सांगा. कुठे नापास झालात, फीचे पैसे कोणाकडून उसने घेतले, तेही सांगा. आणि तुमचे काम हलके आहे असे वाटून घरी बसू नका.

वर्षाच्या शेवटी मी त्या मुलाला पुन्हा विचारले, "कोण होणार?" तो जरा थांबला आणि म्हणाला, "अजून ठरवले नाही, सर."

मला हेच उत्तर हवे होते.