धक्क्यावरचा नकार

दिवाळी उलटते, सोयाबीन बाजार समितीत जाऊन येतं, कपाशीचा पहिला वेचा घरात पडतो आणि मग वऱ्हाडातल्या घरांत समुद्र पाहायला जायच्या गोष्टी निघतात. पूर्वी हे सहलीच्या बसने किंवा रेल्वेने व्हायचं. आता अमरावती-अकोल्याची माणसं स्वतःची गाडी काढतात. समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ला सुरू झाला, जून २०२५मध्ये ७०१ किलोमीटरचा पूर्ण रस्ता खुला झाला आणि कोकण आमच्या मनात एकदम जवळ आलं.

दापोलीत मुक्काम करून पुढे गुहागरला जायचं ठरलं की मात्र घरात दोन तट पडतात. मधे दाभोळची खाडी आहे. दाभोळच्या जेटीवर गाडी फेरीबोटीत चढवली की थोड्याच वेळात माणूस पलीकडे धोपाव्याला उतरतो, तिथून गुहागर फार दूर नाही. ही बोट २००३पासून चालते. पाण्यावर जायचं नसेल तर खेड, परशुराम घाट, चिपळूण आणि तिथून पुन्हा पश्चिमेला, असा शंभरेक किलोमीटरचा वळसा. तरणी पोरं बोटीच्या बाजूची. घरातली आजी हमखास विचारते, ‘‘सडक असल्यावर पान्यातून काहून जाता बापा?’’

हा प्रश्न मला हसण्यावारी नेण्यासारखा वाटत नाही. समुद्रकाठच्या माणसाला पाणी रोज दिसतं; भरती-ओहोटीच्या वेळा त्याला पाठ असतात. वऱ्हाडातल्या माणसाला पाणी एकतर उन्हाळ्यात दिसत नाही, नाहीतर पावसाळ्यात एका रात्रीत दाराशी येतं. पूर्णा, पेढी, शहानूर, काटेपूर्णा, मोर्णा या नद्यांच्या काठची काळी जमीन भिजली की पाय रुततो, बैल रुततो, नाल्याचा उतार बंद होतो आणि गाव तुटतं. अशा मुलखात वाढलेल्या बाईला नाव म्हणजे अडचणीतली वाट, नाइलाजाने धरलेली. हौसेने नावेत बसायचं असतं हे तिला कुणी शिकवलेलंच नाही.

शिवाय तिच्या भीतीला अलीकडचा आधारही आहे. १४ सप्टेंबर २०२१ला वरूड तालुक्यात झुंज येथे वर्धा नदीत नाव उलटली आणि एकाच नात्यागोत्यातली ११ माणसं गेली. घरातल्या मृत्यूनंतरच्या विधीसाठी ती जमलेली होती. एका दुःखातून सावरायला आलेल्या माणसांवर हे ओढवलं, म्हणून अमरावती जिल्ह्यात ती बातमी अजून कुणी विसरलेलं नाही. पावसाळा सरत आलेला, नदीला पाणी भरपूर, नाव लहान. काठावर उभं राहून ‘एवढी माणसं एका खेपेत नको’ असं म्हणण्याचा अधिकार असलेलं कुणी तिथे नव्हतं.

पण आजीचा प्रश्न पुरा ऐकून घेतला तर त्याच्या दुसऱ्या अर्ध्या भागाकडेही बघावं लागतं. सडक असल्यावर, असं ती म्हणते तेव्हा सडक सुरक्षित आहे असं तिने आणि आपण सगळ्यांनी गृहीत धरलेलं असतं. २०२२ साली देशात रस्त्यांवरच्या अपघातांत १,६८,४९१ माणसं मेली. दिवसाला साडेचारशेच्या वर. १ जुलै २०२३च्या मध्यरात्रीनंतर सिंदखेडराजाजवळ समृद्धीवर नागपूरहून पुण्याला निघालेली खासगी बस उलटून पेटली, २५ प्रवासी गेले. त्यानंतरच्या डिसेंबरातही आपण रात्री दहाला डबे भरून, पोरांना मागच्या सीटवर झोपवून निघतोच. सकाळी पुणं गाठायचं असतं. गाडी चालवणारा दिवसभर दुकानात, शाळेत किंवा शेतात राबलेला असतो. त्याला ‘आज नको, उद्या पहाटे निघू’ असं घरातलं कोणी म्हणत नाही, कारण सुट्टीचा एक दिवस जाईल. म्हणजे शेकडो किलोमीटर रात्रीच्या रस्त्याला आपण बिनघोर होकार देतो आणि खाडीतल्या काही मिनिटांपाशी येऊन घाबरतो.

याचं कारण मला असं वाटतं की पाण्यावर आपण आपला जीव दुसऱ्याच्या हाती दिलेला दिसतो. तांडेल कोण, बोट कशी, इंजिन कधी तपासलं, हे ठाऊक नसतं. रस्त्यावर चाक आपल्या माणसाच्या हातात असतं, म्हणून जीव आपल्या ताब्यात आहे असं वाटतं. समोरून येणाऱ्या ट्रकचा चालक किती तास जागा आहे, पुढचा पूल किती जुना आहे, हे काहीच आपल्या ताब्यात नसतं. महाडजवळचा सावित्रीवरचा पूल २ ऑगस्ट २०१६च्या रात्री वाहून गेला तेव्हा त्यावर आलेल्या दोन एस.टी. गाड्यांतली माणसंही सडकेनेच चालली होती.

हिवाळ्याची गोष्ट वेगळी सांगायला हवी. उत्तर युरोपात हिवाळ्यात समुद्र खवळतो. आपल्याकडे अगदी उलट. खवळण्याचे दिवस आषाढ-श्रावणाचे. १७ जुलै १९४७ला, आषाढी अमावास्येला, भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट वादळी समुद्रात उलटली आणि सहाशेहून अधिक माणसं बुडाली. स्वातंत्र्य महिन्यावर आलं होतं आणि कोकणातल्या कितीतरी घरांत त्या पंधरा ऑगस्टला सुतक होतं. आज गेटवेहून मांडव्याला जाणाऱ्या प्रवासी बोटी मेअखेरपासून ऑगस्टअखेरपर्यंत बंद राहतात. पैसे मिळत असूनही बोटवाल्याला बोट बांधून ठेवावी लागते. हा नियम मला फार मोलाचा वाटतो.

मार्गशीर्ष-पौषात पश्चिम किनाऱ्यावरचं पाणी साधारण शांत असतं, खाडीत तर अधिकच. म्हणून थंडीतल्या बोटीला घाबरण्याचं कारण नाही, एवढं म्हणून मी थांबलो असतो. पण १८ डिसेंबर २०२४ला, ऐन थंडीत, दिवसाउजेडी, गेटवेहून घारापुरीला चाललेल्या ‘नीलकमल’ला इंजिनाची चाचणी घेत असलेली नौदलाची वेगवान बोट धडकली. १५ माणसं मेली. त्या प्रवासी बोटीला परवानगी ८४ प्रवाशांची होती आणि तिच्यावर शंभराहून अधिक माणसं होती. वारा नव्हता, लाट नव्हती. समुद्राने त्या दिवशी कुणाचं काही बिघडवलं नव्हतं. धक्क्यावर पंच्याऐंशिव्या माणसाला थांबवायला हवं होतं, ते कुणी थांबवलं नाही.

तेव्हा पाण्यावरून की रस्त्याने, हा वाद घालताना आपण चुकीच्या जागी ताकद लावतो असं माझं स्पष्ट मत आहे. जीव वाचतो तो ‘आता नाही’ असं म्हणू शकणाऱ्या माणसामुळे. ते म्हणण्याचा त्याला अधिकार हवा आणि म्हटल्यावर त्याचं ऐकलं जायला हवं. दाभोळला मोजून गाड्या घेणारा माणूस असेल तर ती बोट रात्रीच्या महामार्गाहून मला जास्त भरवशाची वाटते. झुंजच्या घाटावर तो नसेल तर तिथे सप्टेंबर काय आणि डिसेंबर काय.

आमच्याच अकोला जिल्ह्यात असा नकार एकदा दिला गेला. अकोल्याहून अकोटला जाणारा रस्ता गांधीग्रामला पूर्णा ओलांडतो. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी इथूनच पूर्णेचं पाणी कावडीत भरून शिवभक्त पायी अकोल्याच्या राजराजेश्वराला नेतात, त्यामुळे हे ठिकाण सगळ्या जिल्ह्याच्या ओळखीचं. ऑक्टोबर २०२२मध्ये तिथल्या जुन्या पुलाला तडे गेल्याचं दिसलं आणि वाहतूक बंद करण्यात आली. बंद करणाऱ्यांनी बरोबर केलं. सावित्रीची आठवण ताजी होती आणि पूल पडेपर्यंत वाट पाहणं हा गुन्हा ठरला असता.

पण त्या बरोबर निर्णयाची किंमत कोणी दिली? अकोट-अकोला हा पंचेचाळीसेक किलोमीटरचा रस्ता. अकोटची पोरं अकोल्याच्या कॉलेजात जातात, पेशंट अकोल्याच्या दवाखान्यात येतात, भाजी आणि केळी याच वाटेने हलतात. पूल बंद झाल्यावर या सगळ्यांच्या नशिबी आडवळणाचे रस्ते आले. गाडीभाडं वाढलं, वेळ वाढला, रोजंदारीवर जाणाऱ्याचा रोज बुडाला. ज्याच्याकडे स्वतःची गाडी आणि मोकळा वेळ आहे त्याला वळसा परवडतो. ज्याचा दिवस मजुरीवर तोलला जातो तो कमरेएवढ्या पाण्यातूनही निघेल. मिळेल त्या डोंग्यात बसणाऱ्यांना आपण बेफिकीर म्हणतो ते मला पटत नाही. वळसा हीसुद्धा एक ऐपत आहे.

सुदैवाने त्याच हिवाळ्यात, २३ नोव्हेंबर २०२२ला, अकोला-अकोट रेल्वे पुन्हा सुरू झाली. मीटरगेजचं ब्रॉडगेज करण्यासाठी २०१७पासून ती बंद होती. उगवा, गांधी स्मारक रोड, पाटसूल अशी लहान स्टेशनं घेत ती पूर्णा ओलांडते. पूल बंद असताना या गाडीने लोकांना तिसरी वाट दिली. नकार देताना सोबत काय द्यायचं असतं, याचं इतकं चांगलं उदाहरण मला आमच्या भागात दुसरं ठाऊक नाही. मात्र हा योग जुळून आला होता. रेल्वेचं काम पुलासाठी झालं नव्हतं.

त्याच वर्षीच्या जूनमध्ये अमरावती-अकोला महामार्गावर लोणी ते माना या भागात ७५ किलोमीटरचा एकपदरी डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत टाकून गिनीज बुकात विक्रम नोंदवला गेला होता. मजुरांनी आणि इंजिनिअरांनी रात्रंदिवस केलेलं ते काम होतं, त्याचा अभिमान मलाही आहे. पण वऱ्हाडचा नकाशा समोर ठेवा. महामार्ग, मुंबई-नागपूर रेल्वे, समृद्धी, सगळं पूर्व-पश्चिम जातं. पूर्णाही तशीच पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहते. लांबच्या प्रवाशाला नदीच्या काठाकाठाने जायचं असतं, तिथे आपण साडेचार दिवसांत पंचाहत्तर किलोमीटर करतो. अकोट, तेल्हारा, दर्यापूर, अंजनगावच्या माणसाला नदी ओलांडून दक्षिण-उत्तर जायचं असतं, आणि तिथे एका जुन्या पुलाला तडा गेला की तालुका अडतो.

कायद्याचं म्हणाल तर तो आहे. झुंजची दुर्घटना झाली त्याच २०२१ साली केंद्राने नवा अंतर्देशीय जलयान कायदा केला. यंत्राशिवाय चालणाऱ्या नावांचीही स्थानिक पातळीवर नोंद व्हावी, अशी तरतूद त्यात आहे. ग्रामपंचायतीला आपल्या घाटावरच्या नावा मोजायला आणि प्रत्येक नावेवर किती माणसं बसतील ते रंगाने लिहायला मोठा निधी लागत नाही. पिढ्यान्‌पिढ्या नदी ओळखणारा भोई समाज आपल्याकडे आहे. नाव भरली की खेप थांबवण्याचा अधिकार त्यांच्यातल्याच जाणत्या माणसाला द्या, चार लाइफ जॅकेट द्या आणि थांबवलेल्या खेपेचा त्याचा तोटा भरून द्या. नाहीतर नकाराचा भार एकट्या गरीब नावाड्यावर पडतो आणि तो त्याला पेलत नाही.

आणि यंदा गुहागरला निघालात तर दाभोळहून बोटीनेच जा. दिवसाउजेडी जा, आजीला बाकावर मधोमध बसवा आणि बोट भरलेली दिसली तर पुढच्या खेपेची वाट पाहा. फक्त घरून निघताना रात्रीची गाडी काढू नका. पहाटे निघा आणि पुण्याला मुक्काम करा.