उशाखालचा निवाडा

चिकूच्या वाडीत रात्र कधी निवांत नसते. पालघर जिल्ह्यातल्या घोलवड-बोर्डीच्या पट्ट्यात मुक्काम केलेल्या कुणालाही हे ठाऊक आहे. वटवाघळं फळांवर झेपावतात, गळालेला चिकू पाचोळ्यावर पडतो आणि कुणीतरी पाऊल टाकल्यासारखा आवाज येतो. समुद्रावरून वारा सुटला की सुरूची झाडं घोंगावू लागतात. फांद्यांतून कांडेचोर, म्हणजे उदमांजर, हिंडत असतो. नावात चोर असलं तरी त्याची चोरी दोन-चार फळांपलीकडे जात नाही.

पूर्वी या आवाजांकडे कुणी लक्ष देत नसे, कारण घरात दहा माणसं घोरत असत. आता मुलं मुंबईला, काहींची परदेशात. प्रशस्त ओटीच्या घरात उरली दोन वयस्क माणसं आणि कुंपणापाशी झोपणारा रखवालदार. शेजारचं घर हाकेच्या अंतरावर नाही, पोलीस ठाणं त्याहून लांब. तलासरीकडे महामार्गालगत जमिनी असलेल्यांची रात्र वेगळी. तिथे गुजरातच्या हद्दीकडे जाणाऱ्या ट्रकांची घरघर पहाटेपर्यंत थांबत नाही आणि कोण कुठून आलं, कुठे उतरलं, याचा पत्ता लागत नाही. अशाच एखाद्या घरात जेवणं उरकल्यावर पिस्तुलाचा विषय निघतो, असं धरून चालू. त्या भीतीला हसण्यात अर्थ नाही. ज्यांना रात्री दचकून जागं व्हावं लागत नाही, त्यांना हसणं परवडतं.

गंमत अशी, की विषय निघाला की ‘घ्यावं का’ हा प्रश्न मागे पडतो आणि बोलणं थेट ‘कुठलं घ्यावं’ यावर जातं. नऊ एमएम सामान्य नागरिकाला मिळत नाही. राहतं ते मुख्यतः पॉइंट बत्तीस बोअर. सरकारी आयुध निर्माणीचं ‘अशनी’ पिस्तूल आहे. कानपूरचं ‘निर्भीक’ रिव्हॉल्व्हर आहे. दिल्लीतल्या निर्भया प्रकरणानंतर, जानेवारी २०१४ मध्ये ते बाजारात आलं. टायटॅनियमच्या मिश्रधातूचं, अर्धा किलो वजनाचं, किंमत तेव्हा सव्वा लाखाच्या घरात. बायकांच्या पर्समध्ये मावावं म्हणून केलेलं आणि दागिन्यांच्या डबीसारख्या पेटीत घालून विकलेलं. त्याच्या निम्म्या वजनाचं, पॉइंट बावीसचं ‘निडर’ पश्चिम बंगालमधल्या इछापूरच्या कारखान्याचं. ऑगस्ट २०२३ मध्ये ‘प्रबल’ आलं, पन्नास मीटर पल्ल्याचा दावा करत. वेब्ली हे जुनं इंग्रजी नाव आता उत्तर प्रदेशातल्या संडीला इथे बनणाऱ्या रिव्हॉल्व्हरवर दिसतं. शिवाय ऐंशीच्या दशकात परदेशी हत्यारांची आयात बंद झाली, त्याआधी देशात आलेली ब्राउनिंग, वॉल्थर अजून हातोहात फिरत असतात.

जाणकार सांगतात, रिव्हॉल्व्हर जाडजूड पण साधं. सहा गोळ्या चक्रात आणि भानगड कमी. पिस्तूल चपटं, कमरेला किंवा उशाखाली दिसत नाही, पण सरावाचा हात नसला तर ऐन वेळी अडकतं. या चर्चेत तास सहज जातो. गाडी घेताना मायलेज आणि डिकीची चर्चा व्हावी, तशीच ही.

त्या नावांवर मात्र क्षणभर थांबायला हवं. अशनी म्हणजे वीज. निर्भीक, निडर, प्रबल. विकत घेणारा भ्यालेला आहे हे कारखान्याला पक्कं ठाऊक आहे. म्हणूनच वस्तूच्या अंगावर त्याला हवा असलेला गुण कोरलेला आहे. कुणी आपल्या रिव्हॉल्व्हरचं नाव ‘सावध’ किंवा ‘धीर’ ठेवल्याचं ऐकिवात नाही.

आता परवान्याचं. अर्ज पालघरला जिल्हाधिकाऱ्यांकडे. पोलीस चारित्र्य तपासतात, प्रशिक्षणाचा दाखला लागतो, वय किमान एकवीस. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवाना पाच वर्षांचा झाला आणि एका माणसाला तीनऐवजी दोनच हत्यारं बाळगता येतात. मूळ १९५९ च्या शस्त्र कायद्यात पिकाच्या राखणीसाठी मागणाऱ्या शेतकऱ्याचाही विचार आहे, पण त्याच्यासाठी तोंडाकडून दारू ठासायची बंदूक. म्हणजे भात खाणाऱ्या रानडुकरासाठी एक हत्यार, आणि उशाखाली ठेवायला दुसरं. दोन्ही अर्ज एकाच टेबलावर येऊ शकतात. दोन भीतींची किंमत मात्र एक नाही.

कायदा स्वसंरक्षणाचा हक्क देतो, हे खरं. पण त्याच्या मर्यादा वाडीवाल्याने वाचून ठेवाव्यात. मालमत्तेसाठी समोरच्याचा जीव घेण्यापर्यंत हा हक्क जातो तो दरोडा, रात्रीची घरफोडी, राहत्या घराला आग लावणं अशा मोजक्या प्रसंगी. साध्या चोरीत, जीव जाण्याचा किंवा गंभीर दुखापतीचा धोका वाटण्याजोगी परिस्थिती असल्याशिवाय नाही. पोतंभर चिकू घेऊन पळणाऱ्या पोराच्या पाठीत गोळी घालणाऱ्याला कुठलंही कलम वाचवणार नाही. तेव्हा सगळा प्रश्न येऊन थांबतो तो अंधारातल्या ओळखीवर. सावली दरोडेखोराची की पोराची? वाट चुकलेल्याची की ताडी पिऊन परतणाऱ्या ओळखीच्या गड्याची? उशाखालचं पिस्तूल हा निवाडा अर्धवट झोपेतल्या माणसाकडे देतं, दोन-तीन सेकंदांत, अपिलाची सोय न ठेवता.

आणि या मातीत अंधारातल्या ओळखीचा इतिहास फार वाईट आहे.

ऑक्टोबर १९४५. वेठबिगारीविरुद्ध वारली उठले होते. त्याच वर्षी मे महिन्यात, आज तलासरी तालुक्यात असलेल्या झरी गावी त्यांची परिषद झाली होती. वेठ करायची नाही, फुकट राबायचं नाही, असं ठरलं होतं. जमीनदार बिथरले. लढ्याच्या पुढारी गोदावरी परुळेकर, वारल्यांच्या गोदूताई, यांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’मध्ये या लढ्याची हकीकत लिहिली आहे. पाड्यापाड्यांवर निरोप फिरला, की तलवाड्याला गोदूताईंच्या जिवाला धोका आहे, काठ्या-कोयते घेऊन या. तिकडे पोलिसांच्या कानावर घातलं गेलं, की वारली दंगा करायला जमताहेत. निरोप खोटा होता. हजारो माणसं जमली आणि जिला वाचवायला आली तिची वाट पाहत उभी राहिली. पोलिसांच्या बंदुकांना समोर दिसला तो सांगितलेला जमाव. गोळ्या सुटल्या, पाच वारली मेले. त्यांत जेठ्या गांगड होता. दोन्ही बाजूंना कुणीतरी भीती पुरवली होती आणि एका बाजूच्या हातात काडतुसं होती.

पंचाहत्तर वर्षांनी, १६ एप्रिल २०२० च्या रात्री, डहाणू तालुक्यातलं गडचिंचले. टाळेबंदीचे दिवस. मुलं पळवणारे, मूत्रपिंडं काढून नेणारे, चोर, असल्या अफवा पाड्यांवर फिरत होत्या. दोन-तीन दिवस आधी याच पट्ट्यात मदत वाटायला गेलेल्या डॉक्टरांच्या गाडीवरही हल्ला झाला होता. अंत्यविधीसाठी सुरतकडे निघालेले दोन साधू आणि त्यांचा चालक दादरा-नगर हवेलीच्या हद्दीजवळ अडवले गेले. पोलीस येऊनही जमावाने तिघांना ठेचून मारलं.

इथे कुणी म्हणेल, त्या गाडीत एक पिस्तूल असतं तर? प्रश्न रास्त आहे आणि झटकून टाकण्यासारखा नाही. पण शेकडोंच्या जमावासमोर सहा गोळ्या किती पुरल्या असत्या? आणि पिस्तूल गाडीत असू शकतं तसं त्या गर्दीतही असू शकतं. गडचिंचल्याच्या लोकांना त्या रात्री स्वतःबद्दल काय वाटत होतं हे आठवावं: आपण गाव राखतो आहोत, असंच. शस्त्र घेणाऱ्या प्रत्येकाला तेच वाटत असतं. त्या रात्री नेमकी ओळखच चुकली.

बाहेरच्या सावलीचं इतकं झालं. परवान्याच्या पिस्तुलातली गोळी पुष्कळदा आतल्याच माणसाला लागते, ही गोष्ट महाराष्ट्राने उघड्या डोळ्यांनी पाहिली आहे. २२ एप्रिल २००६ च्या सकाळी वरळीतल्या घरात भाजप नेते प्रमोद महाजनांवर गोळ्या झाडल्या त्या त्यांच्या सख्ख्या धाकट्या भावाने. हत्यार परवान्याचं, पॉइंट बत्तीसचं ब्राउनिंग. काही गोळ्यांनंतर ते अडकलं. महाजन ३ मे रोजी गेले. त्या पिस्तुलाचा परवाना घेताना अर्जात ‘भावाशी बोलणं खुंटलं तर’ असं कारण नक्कीच लिहिलं नसणार.

८ फेब्रुवारी २०२४ ला दहिसरच्या बाजूला माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकर यांना समोर कॅमेरा चालू असताना गोळ्या घातल्या गेल्या. मारणाऱ्याच्या नावावर परवाना नव्हता. पोलिसांच्या सांगण्यानुसार पिस्तूल त्याच्या अंगरक्षकाचं, परवान्याचं, कार्यालयातल्या लॉकरमध्ये ठेवलेलं. आणि त्याच वर्षी १ ऑक्टोबरला पहाटे, कोलकात्याला निघालेल्या अभिनेता गोविंदाच्या हातून रिव्हॉल्व्हर कपाटात ठेवताना निसटलं आणि गोळी त्याच्याच पायात शिरली. नशीब, पायातच. साऱ्या महाराष्ट्राने त्यावर विनोद केले; त्या घरात त्या वेळी एखादं नातवंड रांगत असतं तर केले नसते. अमेरिकेत १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या एका गाजलेल्या अभ्यासात, घरात बंदूक असलेल्या कुटुंबांत खुनाचा धोका २.७ पट आढळला होता, आणि तोही मुख्यतः घरच्यांच्या किंवा जवळच्या ओळखीच्यांच्या हातून. आकडा तिकडचा, माणसांचे राग-लोभ मात्र सगळीकडे सारखेच.

मग हे हत्यार नीट ठेवायचं कसं? गोळ्या वेगळ्या, पिस्तूल वेगळं, दोन्ही कुलपात. शहाणपण हेच सांगतं. पण कुलपातलं पिस्तूल मध्यरात्री दोन सेकंदांत हाती येत नाही, आणि दोन सेकंदांत हाती येणारं पिस्तूल कुलपात नसतं. या पेचातून कुठलंही मॉडेल सुटका करत नाही, कितीही महाग घ्या.

आणखी एक माणूस या हिशेबात कुणी धरत नाही. कुंपणापाशी झोपणारा तो रखवालदार, बहुधा जवळच्याच पाड्यावरचा वारली. वाडीत खरोखर कुणी शिरलं तर पहिली गाठ त्याच्याशी. पिस्तूल मात्र असणार आतल्या खोलीत, मालकाच्या उशाला. म्हणजे सगळ्यात पुढे उभा राहणाऱ्याकडे काठी, आणि मालकाने आतून, घाबरून, अंधारात नेम धरला तर मध्ये तोच. मालक सव्वा लाख खर्चून स्वतःची भीती कमी करतो आणि त्यातली थोडी त्याच्या गळ्यात घालतो, त्याला न विचारता. तेवढ्या पैशांत वाडीला चांगले दिवे लागतात, दोन कुत्री पोसली जातात आणि रखवालदाराला पगारवाढही होते. पण दिव्यांना कुणी ‘निर्भीक’ म्हणत नाही.

निवडणूक जाहीर झाली की परवान्याची हत्यारं ठाण्यात जमा करण्याचे आदेश निघतात. २०२४ मध्ये पालघरला मे महिन्यात लोकसभेचं आणि नोव्हेंबरमध्ये विधानसभेचं मतदान झालं. म्हणजे वर्षात दोनदा पिस्तुलावाचून झोपायची वेळ. त्या आठवड्यांतही वाडीतले आवाज तेच असतात. पाचोळा वाजतो, कुत्रं एकदा भुंकतं. रखवालदार उठतो, टॉर्च लावतो आणि गोळी जे कधीच विचारत नाही ते विचारतो: ‘कोण आहे रे?’ बऱ्याचदा वरून फक्त कांडेचोराचे डोळे चमकतात. कधी कुंपणापलीकडून उत्तर येतं, पाड्यावरच्या कुणाचंतरी, की मीच आहे, गाय सुटली, तीच बघतोय.